उसन्या गाडीचं साहित्य

गाडीचा रिव्ह्यू करणाऱ्याची ती गाडी जवळजवळ कधीच नसते. कंपनी ती दोन-चार दिवसांसाठी देते. टाकी भरलेली, टायर नवे, इन्शुरन्स कंपनीचा, गाडी धुऊनपुसून आणलेली. रिव्ह्यू करणारा पहाटे ती लोणावळ्याच्या नाहीतर माळशेजच्या बाजूला नेतो, ड्रोन उडवतो, एक्झॉस्टचा आवाज रेकॉर्ड करतो आणि सोमवारी परत देतो. यात लबाडी काही नाही, धंद्याची रीतच तशी आहे. पण एक लेखनप्रकार म्हणून या रिव्ह्यूंकडे बघायचं तर पहिली नोंद हीच करावी लागते, की हे सगळं उसन्या गाडीत बसून लिहिलेलं आहे.

साध्या गाडीच्या बाबतीत याने फार बिघडत नाही. वॅगन-आर पहिल्या दिवशी जशी असते तशीच, थोडी खुळखुळत, सहाव्या वर्षी असते. परफॉर्मन्स कारचं तसं नाही. (मराठीत हिला अजून धड शब्द नाही, 'पिकअपवाली गाडी' म्हणतात, आणि तेच बरं आहे.) तिचा पहिला तास आणि तिचं सहावं वर्ष या दोन वेगळ्या गाड्या म्हणाव्यात इतका फरक असतो. रिव्ह्यू पहिल्या तासाचा असतो. आणि तो इंटरनेटवर तसाच ताजा राहतो. म्हणजे २०१७ साली साडेचोवीस लाखांच्या नव्या गाडीबद्दल कुणीतरी जे भारावून बोललं, ते आज नाशिकचा किंवा पुण्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा सेकंड-हँड गाडी घ्यायची म्हणून ऐकतो. त्याच्या हातात आठ-नऊ लाखांचं कर्ज मंजूर झालेलं असतं. रिव्ह्यूला त्याचं काही देणंघेणं नाही. त्याचा हप्ता मात्र त्या रिव्ह्यूवर उभा राहणार असतो.

आता 'ॲव्हरेज किती देते?' या प्रश्नाकडे येऊ. गाड्यांचे शौकीन या प्रश्नाला फार हसतात. हिंदीत त्यावर एक गाजलेली जाहिरातमालिकाच झाली होती. फेरारी असो की बोट, आपला माणूस आधी हेच विचारणार, असा तो विनोद. रिव्ह्यूवाले हा प्रश्न आला की डोळे फिरवतात. 'अशी गाडी घेणारे ॲव्हरेज विचारत नाहीत,' हे वाक्य मी इतक्या व्हिडिओंत ऐकलंय की ते आता मंत्रासारखं वाटतं. माझं मत उलटं आहे. त्या सबंध व्हिडिओत टीका म्हणता येईल असं काही असेल तर तो कमेंटमधला हा एक प्रश्न असतो. तो अपुरा आहे, त्याबद्दल पुढे बोलू. पण सोमवारी गाडी परत दिली नाही तर काय होईल, हे विचारणारा तेवढा एकच माणूस असतो.

आपल्याकडे वेगाबद्दल बोलण्याची एक जुनी पद्धत होती आणि तिला हा प्रश्न लाजिरवाणा वाटत नव्हता. बैलगाडा शर्यतीचा बैल घ्या. खिल्लार जातीचा, शर्यतीसाठी राखलेला. सहसा त्याला औताला जुंपत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेली ही शुद्ध परफॉर्मन्स कारच. अशा बैलाबद्दल चार माणसं बोलायला बसली की सेकंदांच्या आधी खुराक निघतो. दूध किती, अंडी किती, पेंड कोणती, कोण राखतं, उन्हाळ्यात काय करता. बैलाचं कौतुक आणि बैलाचा खर्च एकाच दमात सांगितला जातो, आणि खर्च सांगताना मालकाचा आवाज पडत नाही, उलट चढतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती उठवली. मधल्या सात वर्षांत अनेकांनी न धावणारे बैल पोसले. हा वेडेपणा होता की नाही यावर वाद होऊ शकतो (बैलाला काय सोसावं लागतं, हा तर वेगळाच आणि मोठा वाद आहे). पण तो वेडेपणा हिशेब माहीत असलेल्यांचा होता. गाडीच्या भाषेतून नेमका हा खुराक गळालाय.

तो यूट्यूबने गाळला असं मला वाटत नाही. गाडीवरच्या उच्चभ्रू लेखनातही तो नाहीच. गाडीकडे 'संहिता' म्हणून बघणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणजे रोलाँ बार्थ. १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये त्याचा सित्रोएन डीएसवर एक छोटा, फार सुंदर लेख आहे. गाड्या म्हणजे आपल्या काळातली गॉथिक कॅथीड्रल्स, हे त्याचं निरीक्षण तिथलंच. डीएस १९५५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गाड्यांची नोंदणी झाली. बार्थ तिच्या काचांबद्दल, जोडांबद्दल, लोक तिला हात कसा लावून बघतात याबद्दल लिहितो. लेख प्रदर्शनाच्या हॉलमध्ये सुरू होतो आणि तिथेच संपतो.

हॉलच्या बाहेर काय होतं? डीएसचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, गिअर बदलणं हे सगळं एकाच उच्च दाबाच्या हायड्रॉलिक यंत्रणेवर चालायचं. सुरुवातीच्या वर्षांत त्यात जे द्रव घालत ते हवेतली आर्द्रता शोषून घ्यायचं, आणि मग आतले भाग गंजायचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने वेगळं, हिरवं खनिज तेल आणलं तेव्हा कुठे हे थांबलं. म्हणजे बार्थ ज्या देवतेबद्दल लिहीत होता (फ्रेंचमध्ये 'डीएस' या अक्षरांचा उच्चार 'देवी' असाच होतो), ती आतून गंजणार होती, आणि तो खर्च त्या १२,००० लोकांपैकी कुणाच्या तरी पदरात पडणार होता. बार्थने मेकॅनिकचं काम करायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. पण गाडीकडे बघण्याची जी नजर त्याने दिली, ती हात लावून बघणाऱ्याची आहे. बिल भरणाऱ्याची नाही. आजचा ड्रोन शॉट त्याच घराण्यातला.

आपल्या बाजूला हेच नाटक जास्त उघडपणे झालं. फियाटची पालिओ २००१ मध्ये आली. तिचं १.६ लिटरचं मॉडेल त्या काळच्या हॅचबॅकमध्ये भलतंच दमदार होतं, आणि पेट्रोल पिण्यासाठी बदनामही. सचिन तेंडुलकर पालिओची जाहिरात करायचा. पुढच्याच वर्षी, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल, त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली. मग ती भारतात आणायची वेळ आली आणि आयात शुल्काचा आकडा निघाला एक कोटीच्या वर. सरकारने सूट दिली, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर शुल्क फियाटने भरलं. फुकट मिळालेली गाडीसुद्धा फुकट मिळत नाही, हे त्या वर्षी अख्ख्या देशाने पेपरात वाचलं.

राजेश मापुसकर यांचा 'फेरारी की सवारी' (२०१२) याच गाडीभोवती फिरतो. आरटीओतला प्रामाणिक पारशी कारकून, मुलाच्या क्रिकेटसाठी पैसे हवेत, म्हणून सचिनची फेरारी एका लग्नाच्या वरातीसाठी तासभर उसनी न्यायची. चित्रपट गोड आहे. सिग्नल तोडला म्हणून हा माणूस स्वतःहून पोलिसाला शोधत दंड भरायला जातो, तो प्रसंग मला अजून आवडतो. पण गंमत बघा, इतक्या हिशेबी माणसालाही पटकथा गाडीच्या खर्चाचा एक प्रश्न पडू देत नाही. ३६० मोडेनाचा टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलावा लागतो. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी काही वर्षांनी बेल्ट बदलायचाच. नाही बदलला आणि तुटला, तर इंजिन गेलं. उभी राहूनही खाणारी गाडी आहे ती. सिनेमाला तिचा एक तास पुरतो.

मालकाच्या बाजूने लिहिलेलं मोठं पुस्तक एकच पटकन आठवतं, रॉबर्ट पर्सिगचं १९७४ चं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. तिथे निवेदक आपली बाइक स्वतः दुरुस्त करतो आणि महागडी बीएमडब्ल्यू चालवणारा त्याचा मित्र यंत्राकडे बघायलाही तयार नसतो. सैल झालेल्या हँडलसाठी निवेदक बिअरच्या कॅनचा पत्रा सुचवतो तेव्हा तो मित्र दुखावला जातो. ग्रंथ थोर आहे, पण आपल्या कामाला अर्धाच येतो. आजच्या टर्बो गाडीत बिअरचा कॅन कुठेच बसत नाही. तिथे लॅपटॉप लावल्याशिवाय बिघाडाचं नावसुद्धा कळत नाही.

म्हणून प्रत्यक्ष गाडीच घेऊ. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. भारतात ही पहिल्यांदा २००४ मध्ये आली, १.८ लिटर टर्बो आणि १५० पीएस. २०१७ मध्ये आरएस २३० आली, दोन लिटर, २३० पीएस. २०२० मध्ये आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या, ३६ लाखांना. २०२५ मध्ये १०० गाड्या, जवळजवळ ५० लाखांना, २६५ पीएस. त्या किंमत जाहीर होण्याआधीच बुक झाल्या होत्या. तिच्या जोडीला फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय, चाकणला तयार झालेली, २०१३ पासूनची गरिबांची आरएस. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, साधी ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये. आज आठ-नऊ लाखांवाला मुलगा बघतो ती पोलो जीटी किंवा साधी ऑक्टाव्हिया १.८. आरएस त्याला परवडत नाही, पण डोक्यात रिव्ह्यू आरएसचाच वाजत असतो.

आधी तो बदनाम प्रश्न, ॲव्हरेज. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा, पेट्रोल १०५ रुपये. पिकअपवाली गाडी शहरात नऊ देते असं धरलं तर वर्षाचं पेट्रोल १ लाख ४० हजारांचं. सतरा देणारी साधी हॅचबॅक ७४ हजारांत भागवते. फरक महिन्याला साडेपाच हजार. कमी नाही, पण यात कुणी बुडत नाही. ज्याच्यामुळे माणूस बुडतो ते या प्रश्नात येतच नाही. प्रश्न अपुरा आहे म्हणालो तो इथे.

बुडवतो तो एक साधा नियम, आणि तो कुठल्याच रिव्ह्यूत मी ऐकलेला नाही. गाडीचा भाव उतरतो, खुराक उतरत नाही. चोवीस लाखांची गाडी आठ वर्षांनी आठ लाखांना मिळते, पण तिचा गिअरबॉक्स, तिचे ब्रेक, तिचा टर्बो यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. पार्ट चोवीस लाखांच्या गाडीचेच येतात, वर महागाई चढवून. नव्या गाडीवर भरलेला रोड टॅक्स (महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के) पहिल्या मालकाच्या अंगावर गेला, ही सेकंड-हँड घेणाऱ्याची चांदी. त्या बदल्यात पहिल्या मालकाने टाळलेली सगळी बिलं त्याच्याकडे येतात.

गिअरबॉक्सचंच बघा. पोलो जीटीच्या १.२ लिटर मॉडेलमध्ये आणि साध्या ऑक्टाव्हिया १.८ मध्ये सात गिअरचा 'ड्राय क्लच' डीएसजी असायचा. हा गिअरबॉक्स जगभर तक्रारींसाठी ओळखला गेला; २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीपायी ३ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याचा मेंदू, म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिट, गेला तर बिल लाखांच्या भाषेत बोलतं. आरएस २३० मध्ये मात्र सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी. कारण इंजिनचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, आणि ड्राय क्लचची मर्यादा साधारण अडीचशे. म्हणजे जास्त दणकट गिअरबॉक्स जास्त वेगवान गाडीत आहे आणि नाजूक साध्या गाडीत. फक्त त्या दणकटाला सुमारे साठ हजार किलोमीटरला तेल बदलून लागतं, आणि मागच्या मालकाने ते बदललं की नाही हे गाडी चालवून कळत नाही. जॉब कार्ड वाचून कळतं.

जॉब कार्ड हा माझ्या मते गाडीवरचा सगळ्यात दुर्लक्षित मजकूर आहे. त्यात विशेषणं नसतात. तारीख, किलोमीटर, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत ('स्पीड ब्रेकरवर पुढून खट आवाज'), आणि खाली काय बदललं. सात-आठ वर्षांची जॉब कार्डं ओळीने वाचली तर मालकाचं चरित्र कळतं. पहिली तीन वर्षं अधिकृत वर्कशॉप, वेळेवर. चौथ्या वर्षी वॉरंटी संपते आणि कागद विरळ होतात. पाचव्या वर्षी चारांऐवजी दोनच टायर बदललेले. मग एक मोठी पोकळी. ही पोकळी म्हणजे गाडी बिघडली नाही असं नाही. मालकाला परवडेनाशी झाली.

टायरवरून आठवलं. २२५ सेक्शनचे, बसके टायर चांगल्या कंपनीचे घेतले तर चारांना पन्नास हजारांच्या आसपास जातात, आणि बसका टायर म्हणजे खड्ड्यात ॲलॉयला वाचवणारं रबर कमी. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ सांगायला नको. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो आणि कधीतरी तो साफ करून घ्यावा लागतो. आणि सध्या फॅशनमध्ये असलेलं 'स्टेज वन' रिमॅप. तीस-चाळीस हजारांत तीस-चाळीस पीएस, असा व्हिडिओत हिशेब. ड्राय क्लचच्या मर्यादेजवळ चाललेल्या गाडीवर तो टॉर्क लादायचा, वॉरंटी गेलेली, आणि इंजिनातला बदल इन्शुरन्स कंपनीला न कळवता अपघात झाला तर क्लेम अडण्याची धास्ती. स्वस्तातला वेग मला कुठे दिसला असेल तर तो याच व्हिडिओंत.

एवढं सगळं देऊन मिळतं काय? इथे शौकिनांच्या बाजूने बोलायला हवं, कारण मिळतं ते खोटं नाही. ताशी अडीचशे किलोमीटर हा आकडा सोडून द्या. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला १००, घाटात त्याहून बरीच कमी, आणि २०२४ पासून तिथे कॅमेरे बसलेत. हे आकडे कुठलीही अल्टो-स्विफ्ट गाठते. कामाला येतं ते दुपदरी रस्त्यावरचं ओव्हरटेकिंग. उसाच्या ट्रॉलीमागून साठवरून शंभरावर जायला आरएसला साधारण तीन-चार सेकंद लागतात, छोट्या हॅचबॅकला आठ-दहा. ताशी ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. म्हणजे पाच सेकंद वाचले तर चुकीच्या बाजूने काढलेले शंभरावर मीटर वाचले. जो माणूस दर आठवड्याला कोल्हापूर-रत्नागिरी करतो त्याला हे पैशात मोजून दाखवायची गरज नाही. आणि त्यापलीकडे जे मिळतं, सुट्टीच्या दिवशी आंबा घाटातल्या रिकाम्या वळणावर स्टिअरिंगमधून हाताला जे कळतं, ते माझ्या ओळखीच्या कुठल्याच दुसऱ्या वस्तूत नाही. तो आनंद बालिश आहे म्हणणाऱ्यांनी एकदा तशी गाडी चालवावी.

पण तो आनंद मिळण्याची एक अट आहे आणि ती पैशाशीच बांधलेली आहे. गाडी भीतीशिवाय चालवता आली पाहिजे. टायर झिजतील म्हणून वळणाआधी पाय काढणारा, गिअरबॉक्सच्या धास्तीने ट्रॅफिकमध्ये कपाळावर आठ्या घालून बसणारा, पेट्रोलसाठी ऐंशीवर क्रूझ लावणारा मालक मी बरेच पाहिलेत. हे लोक हप्ता आरएसचा भरतात आणि चालवतात वॅगन-आर. माझा निकाल असा, की सर्वांत मोठं संभाव्य बिल, गिअरबॉक्सचं समजा, उद्या आलं आणि परवाही तुम्ही त्याच पायाने ॲक्सिलरेटर दाबू शकत असाल तर गाडी घ्यावी, मग ॲव्हरेज सहा असो. आठ लाखांपैकी आठही लाख गाडीतच जात असतील तर घेऊ नये. सहाची गाडी घेऊन दोन बँकेत ठेवावेत, आणि ते दोन गाडीचेच समजावेत. जुन्या पोलोत दोन लाख राखून ठेवणारा मुलगा, रिकाम्या खिशाने ऑक्टाव्हिया घेणाऱ्यापेक्षा घाटात जास्त मजा करतो.

सेकंड-हँड गाडीची जाहिरात वाचताना हे सगळं ताडून बघता येतं. 'सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन, शोरूम कंडिशन, सीरियस बायर्स ओन्ली.' फोटो बारा. दोन अंधारात हेडलाइट लावून, एक स्टिअरिंगवरच्या लोगोचा, एक गाडी दरीच्या कडेला उभी करून. टायरच्या नक्षीचा एकही नाही, जॉब कार्डचा एकही नाही. किलोमीटर ५८,०००. गिअरबॉक्सच्या तेलाला दोन हजार बाकी. फोन लावावा आणि खुराकापासून सुरुवात करावी.